पाशामियाँनं वळवलेलं ऊन

नळदुर्गात अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एक कुजबुज फिरत होती: पाशामियाँ कलईवाला माळवदावरून आरसा चमकवून निजामाच्या सरहद्दीपलीकडं खुणा करतो. सांगणारा आधी डावीकडं बघायचा, मग उजवीकडं बघायचा, आणि मग अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजायचा.

खुणा कुणाला, यावर मात्र गावाचं एकमत नव्हतं. वेशीजवळच्या हॉटेलात बसणारे म्हणायचे, सोलापूरच्या हद्दीत काँग्रेसवाल्यांच्या छावण्या पडल्यात, त्यांना. तेल्यांच्या गल्लीतले म्हणायचे, छ्या, किल्ल्याकडं निजामासाठी खाकी घालून कवायत करणारी पोरं हाइत ना, त्यांना. कुणाच्या पेवात किती ज्वारी हाय ते कळवतो. म्हणजे माणूस एक, आरसा एक, आणि दोन्हीकडचा हेर. असा हेर निजामाला खरोखरच मिळाला असता तर राज्य गेलंच नसतं.

पाशामियाँ उंच, काटकुळा, आणि डाव्या भुवईनं उणा. भुवईचं पुढं येईलच. धंदा कलईचा. वेशीजवळच्या लिंबाखाली खड्डा, खड्ड्यात कोळसे, कोळशांना भाता. तांब्याचं भांडं तापलं की नवसागराची चिमूट, धुराचा लोट, कथलाचा ठिपका, आणि कापसाचा बोळा फिरला की काळंकुट्ट पातेलं आतून चांदीचं. गावातली एक बाई त्याच्यापुढं पदर ओढायची नाही की पडदा करायची नाही. हिंदूंची नाही, मुसलमानांचीही नाही. कलईवाल्याला घरातलं सगळ्यात काळं भांडं दाखवावं लागतं. त्याच्यापासून आणखी काय लपवायचं?

लग्न त्यानं केलं नव्हतं. म्हणजे, होत आलं होतं. लोहाऱ्याला मुलगी बघायला गेला. चहा झाला, नाश्ता झाला. बाहेर आल्यावर मध्यस्थानं विचारलं, "कशी वाटली?" पाशा म्हणाला, "मुलगी ब्येस. पण बसवली होती कुठं? खिडकी तिच्या पाठीला! तोंड काळं दिसणारच की. डावीकडं सरकवा तिला." मध्यस्थानं यातलं 'तोंड काळं' एवढंच मुलीच्या बापाला पोचवलं. तेव्हापासून लोहाऱ्याची भांडीसुद्धा पाशाकडं यायची बंद झाली.

उजेडाचा हा नाद त्याला कॅमेऱ्यापायी लागला, आणि कॅमेरा मिळाला हैद्राबादच्या सडकेपायी. सडकेचं काम चालू असताना एक मद्रासी ओव्हरसियर गावात मुक्कामाला होता. त्याच्याकडं काचेवर फोटो निघणारा घडीचा कॅमेरा होता, त्याचा चामड्याचा भाता फाटलेला. बदली झाली तसा तो म्हणाला, "भात्याचं काम तुझं, घेऊन टाक." पाशानं बकरीच्या कातड्याचं ठिगळ लावलं. धंद्याला भाता होताच, आता शौकालाही भाता आला. सोलापूरला जाऊन एका फोटोवाल्याची सगळी भांडी त्यानं फुकट उजळून दिली आणि बदल्यात काचा धुवायची विद्या घेऊन आला.

बाकीचे फोटोवाले माणसाला उन्हात उभं करायचे, पाठीमागं बागेचा पडदा सोडायचे, 'हलू नका' म्हणायचे, की झाला फोटो. पाशाला माणसात रस कमी, उन्हात जास्त. पहिलं वर्षभर त्यानं एकाही माणसाचा फोटो काढला नाही. वांगी काढली. वांगं खिडकीशी ठेवायचं, एका बाजूला कलईची परात धरायची, मग ती परात जवळ आणायची, लांब न्यायची, कलती करायची. वांग्याच्या पाठीवर उजेड कसा घसरतो ते बघत बसायचा. आरशाचा उजेड सुरीसारखा पडतो, कापतो. कलईचा उजेड सायीसारखा पडतो, हे त्याला वांग्यांनी शिकवलं. फोटो झाल्यावर भरीत.

मग लिंबाजी न्हाव्याला त्यानं बसवलं. लिंबाजी त्याचा दोस्त, आणि दिवसभर दुसऱ्यांना 'हलू नका' म्हणणारा माणूस, म्हणून निवडला. अंधाऱ्या कोठीत एका फटीतून ऊन घेतलं. अर्धं तोंड लख्ख, अर्धं काळोखात. पाशा त्या फोटोवर इतका खूश, की धावत नेऊन दिला. संध्याकाळी लिंबाजीची बायको कडूबाई दारात हजर.

"पाशाभाई, माझ्या दादल्याचं अर्धं तोंड कुठं ठिवलंस?"

"अंधारात हाय वहिनी. तसंच काढायचं असतंय."

"अर्ध्या तोंडाचा नवरा म्या भिताडावर टांगू? अन् लोकांनी इचारलं, उरलेला कुठाय, तर?"

"सांगा, खरं बोलणारी बाजू तेवढी उजेडात हाय."

कडूबाईनं फोटो परत केला नाही, हेही सांगितलं पाहिजे. शिव्या देऊन झाल्या आणि पदराखाली घालून घेऊन गेली.

आता भुवई. सोलापूरहून त्यानं मॅग्नेशियमची भुकटी आणली. पेटवली की दिवसासारखा उजेड पडतो म्हणे. पडला. धडाडधूम आवाज झाला, कोठीतून पांढरा धूर निघाला, गल्लीतल्या गजराबाईची शेळी दावं तोडून किल्ल्याच्या खंदकाकडं पळाली, आणि पाशा डाव्या भुवईशिवाय बाहेर आला. गाव म्हणालं, आता पुरे कर. पाशा म्हणाला, "अजून उजवी हाय."

असा माणूस. त्याला कुणी 'करू नको' म्हटलं की त्याच्या हाताला सुरसुरी सुटायची.

सत्तेचाळीस सरता सरता त्याचे मेहुणे वारले. थोरली बहीण कुलसुमबी हिचे मालक. कुलसुमबी म्हणजे पाशाचीच बायकी आवृत्ती. फरक एवढाच, की तिला दोन्ही भुवया होत्या आणि जीभ दुप्पट. नवरा गेल्यावर ती इद्दतीला बसली. इद्दत म्हणजे विधवा बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. धर्मात एवढं. गावानं आपल्या पदरचं घातलेलं वेगळं: आभाळाखाली यायचं नाही, अंगणातसुद्धा नाही. कुलसुमबीची खोली उत्तरेला तोंड करून, दोन खणांची, भिंती हातभर जाड. आत दुपारीही हातानं चाचपून तांब्या शोधावा लागायचा.

तिची एकुलती मुलगी जैनबबी हैद्राबादेला दिलेली. बापाच्या चाळिसाव्याला ती आली, आणि चाळिसाव्यानंतर तिनं मामाला कोपऱ्यात गाठलं.

"मामू, सासऱ्यांनी कराचीला जायचं ठरवलंय. सगळं खटलं. महिन्या-दीड महिन्यात मोटार इथनंच सोलापूरला जाईल, मला उचलून. तिथनं मुंबई, आगबोट. परत यायचं न्हाई म्हणतात."

"अब्बांना जाऊन इतके दिस न्हाई झाले, अन् माझं अन् अम्मीचं काल भांडण झालं. त्यांच्या गालावरचा तीळ उजवीकडं होता का डावीकडं? अम्मी म्हणती उजवीकडं, मी म्हणते डावीकडं. दोघींनाबी आठवंना. मामू, अम्मीचंबी असंच व्हईल. तिचा फोटो काढून द्या मला."

कुलसुमबीचा आयुष्यात एकही फोटो निघाला नव्हता. भाऊ फोटोग्राफर, पण नवऱ्याची ना होती. पाशानं वांगी काढली, न्हावी काढला, शेळीसुद्धा काढली, बहीण राहिली. आणि आता इद्दत संपेपर्यंत थांबावं, तर मोटार त्याआधी येणार. काढायचा तर आत, त्या खोलीत, आणि लवकर. त्यात सरहद्दीवर नाकेबंदी. सोलापूरहून मिठाचा खडा येईना तिथं काचा कुठून येणार? पाशाकडं तीन काचा शिल्लक होत्या.

आधी परवानगीचा घाट. कुलसुमबीचे थोरले दीर दादामियाँ, कचेरीतून पेन्शन घेतलेले, दिवसभर ढेळजेत खाट टाकून बसायचे. घरात जाणारं मांजरसुद्धा त्यांना सलाम करून जायचं.

"न्हाई," दादामियाँ म्हणाले. "बाईमाणसाची तसबीर चार पुरुषांच्या हातात फिरती. माझा भाऊ हयातीत नको म्हणला. मेल्यावर हौ म्हणंल का?"

"दादामियाँसाब, तसबीर जैनबच्या पेटीत ऱ्हाईल."

"अन् ती इद्दतीत हाय."

"तिला बाहेर आणत न्हाई मी. ती जागची हलणार न्हाई. ऊन आत आणतो."

"ऊन आत?"

"बाईनं बाहेर पडू नये हे मला बी ठाऊक हाय. उन्हानं आत येऊ नये असं कुठं लिवलंय, तेवढं दाखवा."

दादामियाँना ते दाखवता आलं नाही, म्हणून ते रागावले. उत्तर नसलं की राग येतो. पण जैनब बापाविना लेक, ती रडायला लागली, तेव्हा 'मला काय करायचंय' असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. पाशानं त्याचा अर्थ 'हौ' असा घेतला.

कुलसुमबीला विचारायला आत गेला, तर ती आधीच तयार. "त्यांच्या हयातीत त्यांचं ऐकलं," ती म्हणाली. "आता दिराचं, मग दिराच्या पोराचं, मग कुणाचं? तोंड माझं हाय. काढ."

पहिली काच त्यानं गॅसबत्तीवर घालवली. घासलेट मिळत नव्हतं, लग्नाच्या मांडवातली उरलेली बत्ती कुणाकुणाच्या पाया पडून आणली. पण बत्तीच्या उजेडात फोटोला वेळ लागतो, तेवढा वेळ माणसानं गप्प बसायला पाहिजे. कुलसुमबी गप्प? ती बत्तीवाल्याच्या सासूबद्दल सांगत राहिली. काच धुतली तर त्यात एक चकचकीत नाक, आणि नाकाखाली धुकं.

दुसऱ्या काचेला त्यानं आरसे जमवले. बेत असा: समोर गजराबाईचं माळवद उंच. तिथं एक मोठा आरसा धरायचा, त्यानं ऊन अंगणात टाकायचं. अंगणात दुसरा आरसा, तो ऊन झेलून दारातून आत फेकणार, सरळ कुलसुमबीच्या तोंडावर. दुसरा आरसा घरातच होता, कुलसुमबीच्या जलव्याचा. मुसलमानांच्या लग्नात नवरानवरी पहिल्यांदा एकमेकांना बघतात ते आरशात; तोच तो, पितळी चौकटीचा. मोठा आरसा गावात एकच, लिंबाजी न्हाव्याच्या दुकानातला.

"घिऊन जा," लिंबाजी म्हणाला. "पण दुपारच्याला आण. अमीनसायबांची दाढी हाय."

अमीनसाहेब म्हणजे ठाण्याचे मोठे अंमलदार. हैद्राबादकडून नवीन आलेले, आणि सरहद्दीपायी झोप उडालेले.

गजराबाई माळवदावर चढली. ही तेलिणींतली म्हातारी, नवरा नाही, मूल नाही, भीती तर अजिबातच नाही. शेळी पळाल्यापासून महिनाभर तिनं पाशाशी अबोला धरला होता. मग घंगाळाची कलई गेली आणि अबोलाही गेला. आरसा तिच्या हातात देऊन पाशा आत कॅमेऱ्यामागं काळ्या कपड्यात घुसला.

"गजरामावशी, डावीकडं!"

"कुणाच्या डावीकडं?"

"तुमच्या!"

"मंग तसं सांग की मुडद्या!"

ऊन गल्लीभर नाचलं. मशिदीच्या भिंतीवर गेलं, किल्ल्याच्या उपळी बुरुजाकडं गेलं, परत आलं. दुपार उलटत आली होती, आणि त्याच वेळी ठाण्याच्या ओसरीवर लिंबाजी अमीनसाहेबांच्या गालाला साबण लावत होता. अमीनसाहेब म्हणाले, "आईना कुठाय रे?" लिंबाजी म्हणाला, "कलईला दिलाय सरकार." तेवढ्यात अमीनसाहेबांच्या डोळ्यांवर लख्ख ऊन पडलं. गेलं. पुन्हा पडलं. आरसा ठाण्यात आला नव्हता, पण आरशानं हजेरी लावली होती.

अमीनसाहेब तसेच उठले. अर्धं तोंड साबणाचं, अर्धं दाढीचं, खांद्यावर लिंबाजीचं फडकं, मागं दोन जवान. गजराबाईच्या दारात आले तोवर पाशानं आत दुसरी काच खर्ची घातली होती आणि नेमका बाहेर येत होता. अमीनसाहेबांना बघून तो थबकला. भीतीनं नव्हे.

"साहेब," तो म्हणाला, "असंच उभं ऱ्हावा. काय उजेड पडलाय तुमच्यावर!"

पुढचं सगळं उर्दूत आणि वरच्या पट्टीत झालं. कुणाला खुणा करतोस, किती दिवस करतोस, तिकडून कोण उत्तर देतं. पाशा म्हणाला, बहिणीचा फोटो काढतोय. अमीनसाहेब म्हणाले, बहीण खोलीत, आरसा माळवदावर, हा कुठला फोटो? पाशानं ऊन कसं वळतं ते समजावायला घेतलं. ज्याच्या गालावर साबण वाळत चाललाय त्याला समजावू नये. दोन्ही आरसे जप्त झाले. लिंबाजीचा आणि जलव्याचाही. गावात त्याच संध्याकाळी दवंडी फिरली: कुणीही घराबाहेर, माळवदावर, गच्चीवर आरसा काढायचा नाही. काढील तो कैदेत जाईल.

आणि दुसरी काच? धुतली. कुलसुमबीचं तोंड दिसत होतं, पण आरशाचं ऊन सरळ डोळ्यांत गेल्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, ओठ आवळलेले. तिनं स्वतः बघितलं आणि म्हणाली, "ही तर माझी सासू."

जैनब मात्र हसली नाही. हैद्राबादहून सांगावा आला होता, मोटार येत्या जुम्म्याला येणार.

ढेळजेतून दादामियाँचा आवाज आला, "झाली का हौस? जलव्याचा आईना ठाण्यात गेला. भावाची अब्रू ठाण्यात गेली. आता फोटोचं नाव काढायचं न्हाई. अन् अमीनसाबांनी मला सांगितलंय, पुन्हा काय दिसलं तर कळवा."

पाशा अंगणात उकिडवा बसून राहिला. एक काच. आरसा नाही. त्याला सुरसुरी सुटली होती. समोरच्या माळवदावर गजराबाईनं कुरडया वाळत घातल्या होत्या. उन्हाळ्यात सगळं गाव घालतं: परातीत, तबकात, तांब्याच्या पसरट लगनमध्ये. पाशा बघत राहिला, आणि बघता बघता उभा राहिला. गावातल्या सगळ्या पराती त्यानंच कलई केलेल्या. आरशाला बंदी होती. कुरडईला कुठं होती?

त्यानं दोन दिवस वेशीजवळच्या लिंबाखाली भाता फुंकला. बायांना निरोप गेला: पराती आणा, फुकट कलई. आत, काठाला, जमलं तर पाठीमागंसुद्धा. पण एक अट हाय. अट काय ते तो फक्त बायांना सांगायचा, आणि एवढ्या बायांना ठाऊक असलेली ती गोष्ट पुरुषांना शेवटपर्यंत कळली नाही. बाईच्या पोटात काही राहत नाही म्हणणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

जुम्म्याच्या आदल्या दिवशी, ऊन माथ्यावर यायच्या बेताला, बाया कुलसुमबीच्या घरी यायला लागल्या. डोक्यावर परात, परातीवर फडकं. दादामियाँ खाटेवर उठून बसले.

"कुठं चाललात?"

"कुरडया घालायला," गजराबाई म्हणाली.

"आमच्या अंगणात?"

"तुमच्या अंगणात ऊन ब्येस पडतंय, दादामियाँ. अन् बिचाऱ्या कुलसुमला तेवढीच सोबत."

मागून कडूबाई, तिच्यामागून मोमिनांच्या सुना, तेलिणी, एक वाणीण, कासाराची आई. बुरखेवाल्या आत गेल्या आणि बुरखे काढून त्यांनी खुंटीला अडकवले. अंगण भरलं. मग पाशा कॅमेरा खांद्यावर घेऊन आला आणि सलाम करून आत गेला. तेव्हा कुठं दादामियाँना वास आला. कुरडयांचा नव्हे. त्यांनी पोऱ्याला धाडलं नाही, स्वतःच चपला घातल्या आणि ठाणं गाठलं. अमीनसाहेबांना घेऊन ते आले आणि अंगणाच्या दारात दोघेही थांबले.

कारण आत बाया होत्या. उघड्या तोंडाच्या, दुसऱ्यांच्या घरच्या. दादामियाँनी जन्मभर ज्या पडद्याची राखण केली तो आता त्यांच्यासमोर आडवा आला. आत पाऊल टाकावं तर तेच गावभर नाव घालवून बसणार.

"कोण हाय तिकडं?" आतून गजराबाईचा आवाज. "जनाना बसलाय! पाऊल टाकाल तर परात फेकून मारीन!"

"आरसा आहे का आत?" अमीनसाहेबांनी दारामागूनच विचारलं.

"आरसा न्हाई सरकार. परात हाय. परातीला बंदी हाय का?"

अमीनसाहेबांनी दादामियाँकडं बघितलं. दादामियाँनी भिंतीकडं बघितलं.

"पाशा आत कसा मग?" दादामियाँ ओरडले.

"त्यो कलईवाला हाय!" चार-पाच आवाज एकदम आले. कासाराची आई म्हणाली, "त्याच्यापासून कसला पडदा? अन् बगा तरी, बुरख्यात तर त्योच हाय!" आणि बाया हसल्या. खरंच होतं. सगळ्यांचे बुरखे खुंटीवर, आणि काळ्या कपड्यात डोकं घालून बसलेला एकटा पाशामियाँ.

अंगणात बायांनी पराती उचलल्या. काही उभ्या, काही बसलेल्या, काही भिंतीशी. काही गजराबाईच्या माळवदावर. पाशा कपड्यातून ओरडत होता, "कडूवहिनी, खाली! मोमिनांची, थोडं वर! बस, बस, असंच!" आणि एकेक करून त्या परातींचा उजेड दारातून आत गेला. आरशासारखा कापत नव्हे. सायीसारखा. चुन्याची भिंत आधी उजळली, मग कोनाड्यातला तांब्या, मग पांढरी ओढणी, मग कुलसुमबीचं तोंड. त्या खोलीत तसा उजेड बांधल्यापासून कधी पडला नव्हता.

"आपा," पाशा म्हणाला, "आता हलायचं न्हाई. बोलायचं न्हाई."

"मला काय बोलायची हौस हाय का?" कुलसुमबी म्हणाली.

"कुलसुम!" गजराबाई गरजली. "माझं हात भरून आल्यात. तोंड उघडशील तर ही परात डोक्यात घालीन!"

कुलसुमबी गप्प बसली. तिनं मान वर केली. बाहेरच्या दाराकडं बघितलं, जिथं दीर आणि अमीन उभे होते आणि तिला दिसत नव्हते, आणि तशीच बघत राहिली. पाशानं झाकण काढलं. अंगणात एवढ्या बाया, पण कुणी शिंकलंसुद्धा नाही. झाकण लावलं.

अमीनसाहेब ढेळजेत खाटेवर बसले. मग म्हणाले, "दादामियाँ, मला इथं कशासाठी आणलं होतं?" दादामियाँनी पाणी मागवलं.

पाशानं कोठीचं दार लावून लाल कंदिलात काच धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद लावून उन्हात छापली. तोवर मोटार दारात उभी होती आणि जैनबचे सासरे घड्याळ बघत होते. फोटो ओला होता. कुलसुमबीची मान वर, डोळे उघडे, सरळ समोर, आणि चेहऱ्यावर 'काय करायचं ते करून घ्या' असं. हनुवटीवर बारीक खळी होती, ती लेकीला ठाऊकच नव्हती. कोणत्या बाजूला ते आता कागदावर होतं. जैनबनं फोटो दोन तळहातांवर आडवा धरला, वाळावा म्हणून, आणि तशीच निघाली. हात अडकल्यानं आईला मिठी मारता आली नाही, म्हणून कुलसुमबीनं उंबऱ्याच्या आतूनच तिच्या कपाळाला कपाळ लावलं, आणि मग ती मोटारीत बसली. दादामियाँ आड आले नाहीत. नंतर म्हणे त्यांनी पाशाला विचारलं, माझा एक काढशील का. पाशा म्हणाला, काचा संपल्या. नाकेबंदी उठली तेव्हा काढला त्यानं. अर्धं तोंड उजेडात, अर्धं अंधारात. दादामियाँनी तो कुणाला दाखवला नाही.

अमीनसाहेबांनी आरसे परत केले, पण दवंडी मागं घेतली नाही. लिंबाजीला ते सांगून गेले, की त्या कलईवाल्यावर डोळा ठेव. लिंबाजीनं आरसा पुसला आणि 'जी' म्हणाला. पुढं सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, राज्य बदललं, अमीन बदलला. पाशामियाँ लिंबाखालीच राहिला. नव्या अंमलदारानंही एकदा त्याला बोलावून विचारलं, तू म्हणे पलीकडं खुणा करायचास. पाशानं विचारलं, "कुणाकडं? पहिले म्हणायचे सोलापूरकडं, तुम्ही म्हणताय निजामाकडं. आधी तुमचं ठरवा." आणि तिथंच ठाण्याच्या ओसरीवर उजेड कसा पडतो हे बघत बसला. तिथंही त्याला फोटो काढू नको असं सांगितलं गेलं. त्यानं तोही काढला.

खरी गोष्ट एवढीच, की पाशामियाँ कलईवाल्यानं सरहद्दीपलीकडं कुणालाही कधी खूण केली नाही. अंधाऱ्या खोलीत इद्दतीला बसलेल्या बहिणीच्या तोंडावर उजेड पडावा आणि तिचा फोटो निघावा, म्हणून त्यानं माळवदावर आरसा धरायला लावला होता.